एकच जनुक, दोन रूपं

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. त्या वेळी पडद्यावर दाखवलेली छायाचित्रं इथे देता आलेली नाहीत, म्हणून काही वर्णनं थोडी वाढवली आहेत.)



मेळाव्याच्या समितीचा फोन आला तेव्हा सांगितलं गेलं, "तू सॉफ्टवेअरवाली, तू एआयवर बोल." एआयवर बोलणारे आज चिक्कार आहेत. आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी चहाच्या आधी दोघे तरी बोलून झालेले असतात. म्हणून मी विषय बदलून मागितला आणि समितीने तो दिला, त्याबद्दल आभार.

गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी मी फुलपाखरं बघत हिंडते. कधी येऊरला, कधी खाडीपलीकडे घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू उद्यानात, आणि पुष्कळदा नुसती आपल्या कशेळीत, कुणाच्या तरी परसातल्या लिंबापाशी. हा छंद करता करता एक प्रश्न डोक्यात बसला. एकाच आईबापाची पिल्लं, अंगातली जनुकंही जवळजवळ तीच. तरी नर एका रूपाचा आणि मादी दुसऱ्याच रूपाची, हे होतं कसं? आज या प्रश्नाचं उत्तर सांगणार आहे. शेवटी तेच उत्तर आपल्या घरांपर्यंत आणायचं आहे, कारण तिथे त्याची जास्त गरज आहे.

नर-मादीतला फरक कीटकांत किती असतो, ते आधी पाहू. खाडीकाठी राहणाऱ्यांना डासांची ओळख करून द्यायला नको. पण रक्त पिते ती फक्त मादी, हे सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही. नर फुलांतला रस पिऊन जगतो आणि त्याच्या डोक्यावरच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार असतात. त्या मिशांनी तो मादीच्या पंखांचा आवाज टिपतो. नारळाच्या शेंड्यात शिरणारा गेंडा भुंगा घ्या. शिंग दोघांनाही, पण नराचं लांब. काजव्यांच्या काही जातींत नर उडतो आणि मादीला पंखच नसतात. ती अळीसारखी जमिनीवर बसून उजेड दाखवते. खंडोबा किंवा प्रार्थनाकीटक म्हणून आपण ज्याला ओळखतो त्यात मादी नरापेक्षा चांगलीच मोठी. म्हणजे रंग, शिंग, पंख, आकार, आहार, सगळं वेगळं असू शकतं.

आता माझं आवडतं उदाहरण. आपल्या प्रत्येकाच्या दारात कढीपत्ता किंवा लिंबू असायचंच. त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी असते. ती मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचली की डोक्याजवळून लाल शिंगांसारखं काहीतरी बाहेर काढते, त्याला उग्र वास येतो. तिचं जे फुलपाखरू होतं त्याचं इंग्रजी नाव कॉमन मॉर्मन, शास्त्रीय नाव पॅपिलिओ पोलिटेस. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ. मादी मात्र तीन प्रकारची मिळते. पहिली अगदी नरासारखी. दुसरीच्या मागच्या पंखावर पांढरा पट्टा आणि लाल-गुलाबी ठिपके. ती कॉमन रोझ नावाच्या फुलपाखराची हुबेहूब नक्कल. तिसरी क्रिमझन रोझ या दुसऱ्या फुलपाखराची नक्कल. जुन्या काळी मॉर्मन पंथात एकाहून जास्त बायका करण्याची चाल होती, त्यावरून या फुलपाखराचं नाव पडलं असं सांगतात. नर एक, बायका तीन तऱ्हेच्या! आपल्या भाषेत मी तिला सरळ बहुरूपी म्हणते.

ही नक्कल कशासाठी? कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ यांच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात. काही जण तिला सापसंद म्हणतात. त्या वेलीतलं विष अळीच्या अंगात साठतं आणि फुलपाखरातही उतरतं. पक्ष्याने एकदा तोंड लावलं की पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. आपली लिंबावरची मादी विषारी नाही, पण तिने विषारी बाईचं लुगडं नेसलेलं आहे. पोलिसाचा गणवेश घातलेला माणूस पाहिला की लोक दोन पावलं मागे सरतात, तसंच. ओळखायची खूण सांगते: खऱ्या रोझचं पोट लाल असतं, बहुरूपीचं काळं. उद्या परसात बघा.

या तीन माद्या एकाच जातीच्या आहेत, हे ओळखलं आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी. डार्विनबरोबर उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे तेच हे वॉलेस. मलाय द्वीपसमूहात वर्षानुवर्षं फिरून आल्यावर १८६५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्याआधी या माद्यांना वेगवेगळ्या जाती समजून वेगवेगळी नावं दिलेली होती. पुढे १९१३ साली फ्रायर यांनी श्रीलंकेत ही फुलपाखरं पिढ्यान्‌पिढ्या पाळून दाखवून दिलं, की मादीचं रूप साध्या आनुवंशिक नियमाने आईबापांकडून येतं. मग कोडं आणखी अवघड झालं. पंखाचा रंग, पट्ट्याचा आकार, ठिपक्यांची जागा, इतक्या गोष्टी एकदम बदलतात. मग त्यामागे किती जनुकं असतील? १९७२ साली क्लार्क आणि शेपर्ड यांनी अंदाज मांडला, की अनेक जनुकं एकमेकांना चिकटून एका गठ्ठ्याने पुढच्या पिढीत जात असावीत. अशा गठ्ठ्याला महाजनुक असं नाव पडलं.

उत्तर आलं २०१४ साली, आणि ते शोधणाऱ्यांत एक मराठी माणूस पुढे होता याचा मला फार आनंद आहे. डॉ. कृष्णमेघ कुंटे. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये त्यांची प्रयोगशाळा आहे. फुलपाखरांच्या नोंदी आणि छायाचित्रं एकत्र करणारं 'बटरफ्लाईज ऑफ इंडिया' हे संकेतस्थळ ज्यांनी पाहिलं असेल, त्यांनी त्यांचं काम पाहिलेलंच आहे. कुंटे, शिकागो विद्यापीठातले मार्कस क्रॉनफोर्स्ट आणि त्यांचे सहकारी यांनी नक्कल करणाऱ्या आणि न करणाऱ्या फुलपाखरांचे संकर केले, माद्यांची जनुकं वाचून ताडून पाहिली आणि शोध आवळत आवळत एका ठिकाणी आणला. 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी जाहीर केलं, की अनेक जनुकांचा गठ्ठा वगैरे नाही. हे सगळं एका जनुकाकडून चालतं. त्याचं नाव डबलसेक्स.

हे नाव ऐकून मागच्या बाकावरचे हसतील हे मला माहीत होतं. तीस वर्षांत तुमच्यात काही फरक नाही!

नाव गमतीचं असलं तरी काम गंभीर आहे. हे जनुक आधीपासून माहीत होतं, ते पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणाऱ्या चिलटांवरून. ड्रोसोफिला म्हणतात ती हीच. या जनुकात बिघाड झाला की चिलटाच्या अंगावर नर आणि मादी दोघांचीही लक्षणं अर्धवट दिसतात, म्हणून ते नाव. १९८९ साली बर्टिस आणि बेकर यांनी त्याचं काम कसं चालतं ते दाखवलं. ते जरा सावकाश सांगते, कारण सगळी गंमत तिथे आहे.

डीएनए म्हणजे मूळ वही. तिच्यातून कामापुरती प्रत काढतात, ती आरएनए. ही प्रत जशीच्या तशी वापरत नाहीत. तिच्यातले काही तुकडे कापून टाकतात आणि उरलेले जोडतात. मग त्या जोडलेल्या प्रतीवरून प्रथिन बनतं. डबलसेक्सची मूळ वही नराकडे आणि मादीकडे अगदी सारखी असते. सुरुवातीचे तुकडेही दोघांत सारखे जोडले जातात. पुढे मादीत चौथा तुकडा जोडला जातो आणि तिथेच गोष्ट संपते. नरात चौथा वगळून पाचवा आणि सहावा जोडतात. त्यामुळे तयार होणाऱ्या प्रथिनाचे पहिले ३९७ घटक दोघांत तेच, पण शेपूट वेगळं. मादीत आणखी ३०, नरात आणखी १५२.

बायकांना पटकन कळेल असं सांगते. तांदळाच्या पिठीची उकड काढली. परात एक, उकड एक. तिच्यात गूळ-खोबऱ्याचं सारण भरलं की मोदक. मिरची, जिरं, कोथिंबीर घालून मळली की निवगऱ्या. उकडीला दोष नाही आणि दोन उकडी लागत नाहीत. शेवटी काय घातलं, त्यावर पदार्थ ठरला. माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी सांगायचं तर कोड एकच, बिल्ड दोन. आम्ही एकाच कोडमधून अँड्रॉइडचं आणि आयफोनचं ॲप काढतो तेव्हा दोन वेगळे प्रोग्राम लिहीत नाही. कुठला भाग घ्यायचा आणि कुठला वगळायचा, ते बिल्डच्या वेळी ठरवतो. निसर्गाने हे कोट्यवधी वर्षांपूर्वीच बसवलेलं आहे.

आता हे प्रथिन करतं काय? ते स्वतः रंग बनवत नाही, शिंग उगवत नाही. ते मुकादमासारखं असतं. दुसऱ्या जनुकांना चालू हो, बंद हो, असं सांगतं. चिलटाच्या नराच्या पोटाचं टोक काळं असतं; ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर या नावातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच काळ्या पोटाची. पोटाच्या त्या शेवटच्या भागात बॅब नावाचं एक जनुक काळा रंग अडवून धरतं. मादीचं डबलसेक्स तिथे बॅबला चालू ठेवतं, म्हणून काळा रंग येत नाही. नराचं डबलसेक्स त्यालाच बंद करतं, आणि टोक काळं होतं. एक बटण, दोन मुकादम, दोन रंग. शेणकिड्यांच्या काही जातींत नराचं डबलसेक्स डोक्यावर शिंग वाढवायला सांगतं, मादीचं वाढू देत नाही. तोच मुकादम, साइट वेगळी.

आणखी एक आश्चर्य. माणसात पुरुषाचं किंवा स्त्रीचं संप्रेरक रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं आणि शरीराला वळण देतं. कीटकांत बहुतेक तसं नसतं. प्रत्येक पेशी आपापल्यापुरतं ठरवते, मी नराची की मादीची. त्यामुळे अगदी क्वचित, पहिल्या पेशीविभागणीत चूक झाली तर फुलपाखराचा डावा पंख मादीचा आणि उजवा नराचा निघतो, मधोमध दोरी धरून आखल्यासारखा. अशी फुलपाखरं संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. अर्धनारीनटेश्वर कल्पनेत बघणाऱ्या आपल्या लोकांना ते बघून धक्का बसू नये.

आता परत लिंबाच्या झाडावर येऊ. बहुरूपी मादीत डबलसेक्सने एक जास्तीचं काम पत्करलं. नर-मादी ठरवायचं मूळ काम तर आहेच, शिवाय पंखावर कुठली नक्षी काढायची तेही. २०१५ साली जपानच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की नक्कल करणाऱ्या माद्यांत गुणसूत्राचा डबलसेक्सभोवतालचा सुमारे १ लाख ३० हजार अक्षरांचा तुकडा चक्क उलटा बसलेला आहे. तुकडा उलटा असल्यामुळे सुलट्या तुकड्याशी त्याची सरमिसळ होत नाही, आणि त्यात साठलेले सगळे बदल एकगठ्ठा पुढे जातात. म्हणजे क्लार्क आणि शेपर्ड यांचा गठ्ठ्याचा अंदाज अगदीच फुकट गेला नाही. गठ्ठा निघाला, पण तो जवळपास एकाच जनुकाच्या पोटात. त्याच जपानी गटाने वाढत्या पंखात या जनुकाचा आवाज दाबून पाहिला, तेव्हा तिथली नक्कल पुसली गेली आणि साधी नक्षी आली.

आणि नर? हा उलटा तुकडा नरातही असतो. आईकडून किंवा बापाकडून आलेला असतो, तो मुलींना देतोही. पण त्याच्या स्वतःच्या पंखावर तो कधी दिसत नाही. कपाटात आजीची पैठणी घडी करून ठेवलेली आहे, हा मात्र जन्मभर सदऱ्यावर हिंडतो, आणि मुलीच्या लग्नात ती बाहेर निघते, असा प्रकार.

मग नक्कल माद्यांनीच का करावी? अंड्यांनी जड झालेली मादी संथ उडते, अंडी घालायला पानापानावर थांबते, म्हणून तिला पक्ष्यांचा धोका जास्त, असं मानतात. नराचं मूळ रूप माद्यांना ओळखीचं असतं, ते बदललं तर जोडीदार मिळणं अवघड, असाही एक विचार आहे. आणि सगळ्याच माद्या नकली का नाहीत? कारण खोटे पोलीस खऱ्यांपेक्षा जास्त झाले की गणवेशाला कुणी भीत नाही. नक्कल थोडी असते तोवरच चालते.

यात आपल्या गावासाठी एक गोष्ट आहे. कशेळी, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात आपण भातशेती पाहिली. आज तिथे गोदामांच्या रांगा आहेत. मी त्याबद्दल रडगाणं गाणार नाही, आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल त्या गोदामांवर पेटते. पण बांध आणि काटेरी कुंपणं गेली, त्यांच्याबरोबर कुंपणावरच्या वेली गेल्या. लिंबू-कढीपत्ता माणसाने कुंडीत तरी जगवला, कारण तो फोडणीला लागतो. ईश्वरी कुणाला लागत नाही. ईश्वरी गेली की रोझ फुलपाखरू जाईल. आणि खरा पोलीसच गावात उरला नाही, तर बहुरूपी मादीच्या त्या गणवेशाला किंमत काय राहणार? जनुकाने कितीही सुंदर काम केलेलं असलं, तरी ते बांधावरच्या एका वेलीच्या भरवशावर आहे. महाराष्ट्राने २०१५ साली याच फुलपाखराच्या भाऊबंदाला, ब्लू मॉर्मनला, राज्य फुलपाखरू केलं. असं करणारं आपलं पहिलं राज्य. त्याच्याही अळ्या लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. बहुमान दिला आहे, तर पानंही द्यायला हवीत.

या ज्ञानाचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. एकच सांगते. २०१८ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या शास्त्रज्ञांनी आफ्रिकेत मलेरिया पसरवणाऱ्या डासाच्या डबलसेक्समधला फक्त मादीला लागणारा भाग तोडला, आणि तो बदल आपोआप पसरत जाईल अशी व्यवस्था केली. दोन्ही बाजूंनी तो बदल मिळालेल्या माद्यांना चावता येईना आणि अंडी घालता येईनात. प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यातली डासांची अख्खी वस्ती ७ ते ११ पिढ्यांत संपली. पिंजऱ्याबाहेर असं करावं की नाही, यावर अजून वाद चालू आहे, आणि तो व्हायलाच हवा.

आता ज्यासाठी हा विषय मागून घेतला, तिकडे येते.

डबलसेक्स कुठल्या बाजूने वाचायचं, हे ठरवणारं पहिलं बटण प्रत्येक कीटकात वेगळं आहे. चिलटात एक्स गुणसूत्रं किती, त्यावर ठरतं. मधमाशीत फळलेल्या अंड्यातून मादी आणि न फळलेल्यातून नर. त्यामुळे नर मधमाशीला बापच नसतो. फुलपाखरांत नराकडे झेड-झेड अशी जोडी असते आणि मादीकडे झेड-डब्ल्यू. म्हणजे पिल्लू नर की मादी, हे आईच्या अंड्यावरून ठरतं. रेशीमकिड्यात तर डब्ल्यू गुणसूत्रावरून निघणारा एक इवलासा आरएनए हे काम करतो, हेही २०१४ सालीच कळलं.

माणसात हे बरोबर उलटं आहे. स्त्रीकडे एक्स-एक्स, पुरुषाकडे एक्स-वाय. आईच्या प्रत्येक अंड्यात एक्सच असतं. बापाच्या शुक्राणूंत निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय. मुलगा की मुलगी, हे बापाकडून कुठला शुक्राणू पोचला त्यावर ठरतं. आपण हे याच शाळेत शिकलो. फळ्यावर रंगीत खडूने काढलेली आकृती आठवत असेल. परीक्षेत तिला गुण होते, म्हणून सगळ्यांनी काढली.

आणि तरीही. आपल्याच वर्गातली एक मैत्रीण आज इथे बसलेली आहे. तिला विचारून सांगते आहे, नाव सांगणार नाही. तिला तिसरी मुलगी झाली तेव्हा सासरी कुणी बाळंतिणीला भेटायला आलं नाही. "हिच्या पोटातच खोट आहे" असं तिच्या तोंडावर बोललं गेलं. वर्षभर ती ऐकत राहिली. मग एकदा मला फोन करून म्हणाली, "तू शिकलेलीस, खरं सांग, माझ्यात काही कमी आहे का गं?" ही मुलगी आपल्या वर्गात विज्ञानात माझ्यापुढे असायची. ती आकृती तिनेही काढली होती. परीक्षेत उपयोगी पडलेलं ज्ञान घरात तिच्या कामी येऊ शकलं नाही, कारण घरात ते बोलायची तिला सोय नव्हती.

मी तिला जे सांगितलं तेच आज माइकवर सांगते. तू फुलपाखरू असतीस तर गोष्ट वेगळी होती. माणसात हे आईच्या हातात नसतंच. आणि लगेच पुढचंही ऐका, म्हणजे बाप लोकांनी अंग चोरून बसायला नको: बापाच्याही हातात नसतं. नाणं उडवल्यासारखं ते पडतं. चार वेळा काटा पडला म्हणून नाण्यात खोट नसते. आणि मुलगी होणं ही खोट नाहीच, त्यामुळे दोषी शोधायचा प्रश्नच येत नाही.

हे एका घराचं नाही. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ साली. देशाचा कायदा त्यानंतर, १९९४ चा. आणि तरी महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. कायदा आपण पहिले केला, आणि मुली आपण कमी केल्या.

एक शंका इथे कुणाच्या तरी मनात आली असेल, आणि ती रास्त आहे. "जनुकंच जर नर-मादी इतके वेगळे घडवतात, तर मुलगे एका कामाला आणि मुली दुसऱ्या कामाला, हे बरोबरच नाही का?" मी इंजिनिअरिंगला जायचं म्हटलं तेव्हा "पोरींच्या डोक्यात मशीन बसत नाही" हे वाक्य मी ऐकलेलं आहे. बोलणारे वाईट नव्हते. त्यांना ते निसर्गाचं वाटत होतं.

त्यांना आज मी शेणकिडा दाखवीन. शिंग फुटायचं की नाही, हे त्याच्या डबलसेक्सवर अवलंबून आहे, हे मघाशी सांगितलं. पण तेवढ्याने भागत नाही. अळीपणी पोटभर मिळालं तर नराला मोठं शिंग येतं. कमी मिळालं तर तोच नर जवळजवळ बिनशिंगाचा राहतो. जनुक तेच. मधमाश्यांत राणी आणि कामकरी दोघीही माद्याच, जनुकांच्या दृष्टीने बहिणी. अळीपणी कोणाला काय भरवलं, त्यावर एक राणी होते आणि बाकीच्या कामकरी. किड्यांच्या जगातसुद्धा ताटात काय वाढलं याला इतकी किंमत आहे. मग ज्या घरात मुलाच्या ताटात अंडं आणि मुलीच्या ताटात उरलेलं, मुलाला क्लास आणि मुलीला भांडी, तिथे पुढे दिसलेला फरक जनुकांच्या नावावर कसा टाकायचा?

माणसातही डबलसेक्सचा एक भाऊबंद आहे, डीएमआरटी-१ नावाचा. पुरुषाच्या जननेंद्रियांच्या घडणीत त्याचा हात असतो. म्हणजे नातं जुनं आहे, ते मी नाकारत नाही. पण शरीरातल्या फरकापासून "म्हणून ही कमी" इथपर्यंत जी उडी मारली जाते, ती कुठल्याही जनुकात लिहिलेली नाही. निवगरी मोदकापेक्षा कमी, असं उकडीत कुठे लिहिलेलं असतं?

गुरुजनांना एक विनंती करून थांबते. शाळेच्या आवारात कुंपणाच्या कडेने लिंबाची आणि कढीपत्त्याची रोपं लावायचा खर्च आपली बॅच करील. ईश्वरीची वेलही मी मिळवून देते. वर्षाच्या आत अळ्या येतील. त्या झाडून टाकू नका. आठवी-नववीच्या मुलामुलींना त्या बरणीत वाढवायला द्या, आणि मादी निघाली की कुठल्या रूपाची निघाली ते त्यांनीच वहीत लिहू द्या. मग फळ्यावर ती एक्स-वायची आकृती काढा. आणि त्या दिवशी एवढंच करा, की मुलांनी ती घरी जाऊन आई, बाबा आणि आजी यांच्यासमोर पुन्हा काढून दाखवायची, हा गृहपाठ द्या. गुण त्यालाच ठेवा.

वर्गमित्रांनो, तुमच्यातले काही आता सासरे झालेत, काही होतील. हा गृहपाठ तुम्हालाही आहे.